गुडघ्याखालची कॉफी

माझ्या सासऱ्यांना मी रोज सकाळी कॉफी द्यायचे ती गुडघ्याखालून. डावा पाय उचलायचा, गुडघा वाकवायचा आणि त्याच्या खालून कप पुढे करायचा. ते मान खाली घालून कप घ्यायचे, फुंकर न मारता प्यायचे आणि कामाला निघून जायचे. सुनेने सासऱ्यापुढे पाय उचलावा हे आमच्या ब्रेगमीरमध्येच काय, जगाच्या पाठीवर कुठेही शोभत नाही. पहिल्या दिवशी मी साफ नाही म्हटलं. सासऱ्यांना सगळं गाव देदा म्हणायचं, मी बाबा म्हणायचे. ते शांतपणे म्हणाले, "पोरी, मग कॉफी करूच नकोस. वरून दिलेली माझ्या घशाखाली उतरायची नाही."

आमच्या डोंगरात ज्या पुरुषाच्या पाहुण्याला दगा होतो आणि ज्याच्याकडून त्या दग्याची भरपाई होत नाही, त्याला कॉफी, दारू, भाकरी, जे काही द्यायचं ते गुडघ्याखालून देतात. तू माणसांत बसतोस खरा, पण तू माणसांत जमा नाहीस, असा त्याचा अर्थ. ही लाज चुकवायला माणसं बंदूक उचलतात. देदांना ती कुणी दिली नव्हती. त्यांनी स्वतः मागून घेतली आणि वीस वर्षांहून जास्त काळ पीत राहिले. त्यांचा पाहुणा होता आमचा पाद्री, दोम लोरो. पाद्र्याला आमच्याकडे दोम म्हणतात. सरकारने त्याला गोळ्या घातल्या आणि कुठे पुरलं ते कुणाला सांगितलं नाही. त्याची हाडं सापडून त्याच्या चर्चमध्ये पुरली जात नाहीत तोवर माझी कॉफी खालून, एवढंच देदांचं म्हणणं होतं.

मला याचा राग यायचा. अजून येतो. दगा देणारा खाली श्कोदर शहरात सरकारी घरात खुर्चीवर बसून बशीसकट कॉफी पीत होता, आणि इथे एक सरळमार्गी म्हातारा रोज सकाळी माझ्या पायाखाली हात घालत होता. याला न्याय म्हणायचं का? आणि ज्या दोम लोरोसाठी हे चाललं होतं, त्यालाच ही प्रथा डोळ्यांसमोर नको असायची.

दोम लोरोला मी अरेतुरे करते आहे. समोर कधी केलं नाही. पण ज्याच्यावर जीव असतो त्याला मनात आपण अरेतुरेच करतो.

तो श्कोदरच्या एका खोगीर शिवणाऱ्याचा मुलगा. शिकून पाद्री झाला आणि तरुणपणीच आमच्या डोंगरात आला. आला तेव्हा पाच गावांना मिळून एक चर्च, एक पाद्री आणि एक खेचर. खेचराचं नाव त्याने बिशप ठेवलं होतं. का विचारलं तर म्हणायचा, "हाही माझं ऐकत नाही, म्हणून." अंगाने आडवा, हात बापासारखे राकट, मिशा तंबाखूने पिवळ्या झालेल्या. प्रवचन इतकं छोटं की बायका घरी पोचायच्या तेव्हा चुलीवरचं दूध जेमतेम तापलेलं असायचं. "देवाला तुमचं सगळं माहीत आहे," म्हणायचा, "आणि मलाही. जा, गाईंच्या धारा काढायच्या थांबल्यात." रागीट तर इतका, की बायकोला मारणाऱ्या एका शिंप्याला त्याने रविवारची मिस्सा-प्रार्थना संपल्यावर सगळ्यांदेखत कान धरून पाण्याच्या हौदापर्यंत ओढत नेलं होतं आणि डोकं बुडवून काढलं होतं. वर म्हणाला, "तुझा बाप्तिस्मा नीट लागलेला दिसत नाही."

माझा भाऊ पाश्क आज नातवंडं खेळवतो आहे, तो दोम लोरोमुळे. मी तेव्हा लग्नाच्या वयाची होते. पाटाच्या पाण्यावरून शेजारच्या वाडीतल्या एकाने आमच्या काकांना गोळी घातली. काकांना मुलगा नव्हता, बाप आमचा आधीच गेलेला. तेव्हा बदला घ्यायचा तो पाश्कने. पाश्कला कोंबडी कापतानाही डोळे मिटावे लागत. तो टाळत राहिला. मग एका लग्नात पुरुष मंडळी गोल बसली असताना घरधन्याने सगळ्यांना कॉफी वरून दिली, आणि पाश्कपाशी आल्यावर पाय उचलला. मी दारातून बघत होते. पाश्कचा चेहरा असा झाला की मी समजले, हा आता घरी येणार नाही, बंदूक घेऊन परस्पर वाडीवर जाणार.

दोम लोरो त्याच बैठकीत होता. तो उठला, घरधन्याच्या गुडघ्याखाली हात घातला, कप घेतला आणि उभ्याउभ्या एका घोटात पिऊन टाकला. मिशा पुसल्या.

"झालं," म्हणाला. "आता ही लाज माझी. कुणाला रक्त हवं असेल त्याने माझ्याकडून मागावं. पाश्कला दुसरा कप द्या, वरून द्या. खालून कुत्री खातात."

"दोम, ही आपल्या वाडवडिलांची रीत आहे," घरधनी म्हणाला.

"वाडवडील मेले," दोम लोरो म्हणाला. "अर्धेअधिक याच रीतीने मेले."

त्यानंतर हिवाळाभर तो बिशपला घेऊन या वाडीवरून त्या वाडीवर चढत-उतरत होता. शेवटी मारणारा माणूस हात मागे बांधून आमच्या दारात उभा राहिला आणि माझ्या आईने स्वतः त्याच्या हाताची दोरी सोडली. आई नंतर आठवडाभर कुणाशी बोलली नाही, पण पाश्क जिवंत राहिला.

असा माणूस. याला त्यांनी काय म्हणावं? जनतेचा शत्रू.

देवाचं नाव घेणं बेकायदा झालं त्या वर्षी गावोगाव चर्चला कुलपं लागली. आमच्या चर्चचं घंटाघर पाडलं. मशिदीवाल्यांचे मिनारही पाडले, तेवढा एक समान न्याय. चर्चमध्ये सिनेमाचा पडदा लावला आणि दारावर लिहिलं, संस्कृती भवन. दोम लोरोला दलदल उपसायच्या छावणीत नेलं. तिथे त्याच्या नडगीवर लाकडाचा ओंडका पडला. हाड वेडंवाकडं जुळलं आणि तो लंगडतच परत आला. बिशप तोवर सहकारी शेतीच्या मालकीचा होऊन मेला होता. दोम लोरोला गावाच्या वरच्या अंगाला चुन्याच्या भट्टीवर कामाला लावलं. दिवसभर दगड भाजायचे, रात्री भट्टीशेजारच्या खोपट्यात झोपायचं, आणि आठवड्याला खाली चौकीवर येऊन सही करायची. पाद्र्याचं कुठलंही काम करायचं नाही, अशी सक्त ताकीद.

तो सगळं करत होता. चुन्याची पिशवी न्यायला गेलेल्या बायका परत येताना मोकळ्या मनाने यायच्या, एवढंच सांगते. माझ्या थोरल्याचा बाप्तिस्मा माझ्याच चुलीपुढे झाला, कॉफीच्या दांडीवाल्या भांड्यातल्या पाण्याने. पाणी ओतताना म्हणाला, "नीट धुतलंयस ना? नाहीतर पोरगं जन्मभर झोपायचं नाही." गावाला माहीत होतं आणि गाव मुकं होतं. ब्रेगमीरबद्दल मला बोलायचं ते मी बोलणारच आहे, पण तेवढं गावाच्या पदरात टाकते.

आता बार्दोक.

बार्दोक आमच्याच गावचा. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर त्याच्या आईचं घर, लेनाबाईचं. लहानपणी दोम लोरोने त्याला अक्षरं शिकवली होती. मोठा होऊन तो खाली गेला, वर्दी चढवली आणि आमच्या खोऱ्याचा साहेब होऊन परत आला. बूट असे चकचकीत, की चिखल त्यांना घाबरायचा. गावात आल्यावर आईकडे उभ्याउभ्या जायचा, कारण आईच्या भिंतीवर क्रूस टांगलेला असायचा आणि तो काढायला ती तयार नव्हती.

लेनाबाई शेवटच्या दुखण्याला लागली तेव्हा तिने एकच धोशा लावला, मला दोम लोरो हवा. शेजारणीने निरोप भट्टीवर पोचवला. तो लंगडत आला, म्हातारीच्या पापांची कबुली ऐकली, कपाळाला शेवटचं तेल लावलं. ती शांतपणे गेली. दोम लोरो बाहेर पडत होता आणि बार्दोक अंगणात शिरत होता. दोघे समोरासमोर आले.

"आई गेली," दोम लोरो म्हणाला. "चांगली गेली. तुझं नाव घेत गेली."

साहेबाच्या आईच्या उशाशी पाद्री, ही बातमी वर पोचली तर साहेबाची वर्दी उतरणार, कदाचित डोकंही. आता दोनच रस्ते होते. गप्प बसायचं, नाहीतर पाद्र्याला कायमचं गप्प करायचं. गप्प बसायला माणसात दम लागतो.

दोम लोरोला हे कळत नव्हतं असं नाही. तो भट्टीवर न जाता आमच्याकडे आला. दारातून हाक दिली, "घरधनी, पाहुणा चालेल का?" देदा उठून उभे राहिले, "भाकरी, मीठ आणि आमचं काळीज," म्हणाले आणि त्याला चुलीजवळची जागा दिली. तिथून पुढे तो आमचा पाहुणा. त्याच्या केसाला धक्का लागला तर तो आमच्या घराला लागला. माझा नवरा तोम बाहेर लाकडं फोडत राहिला, म्हणजे कोण येतं ते दिसावं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी बार्दोक आला. एकटा, विनाशस्त्र. त्यानेही दारातून हाक दिली, "घरधनी, पाहुणा चालेल का?" त्यालाही नाही म्हणता येत नव्हतं. मी कॉफी ठेवली. जवाची भाजकी पूड होती ती, खरी कॉफी तेव्हा कुठली? बार्दोक मांडी घालून बसला आणि रडला. खरे अश्रू होते. मी चुलीपाशी होते, मी पाहिले.

"देदाकाका," म्हणाला, "त्याने माझ्या आईला सुखाने पाठवलं. मी काय दगड आहे का? पण वरून विचारणा झाली आहे. शोधायला शिपाई येतील, तुमचं घर खणून काढतील, पोराबाळांसकट तुम्हाला दलदलीत पाठवतील. त्यापेक्षा दोमना माझ्याबरोबर येऊ द्या. मी आता पाद्री नाही, एवढ्या एका कागदावर सही. गवत कापून व्हायच्या आत ते परत भट्टीवर. माझा शब्द."

"कसला शब्द?" देदांनी विचारलं. "वर्दीचा?"

बार्दोकने टोपी काढून बाजूला ठेवली. समोरच्या बुटक्या मेजावरच्या भाकरीवर उजवा हात ठेवला. "आईच्या मातीचा. बेसा."

बेसा म्हणजे आमच्याकडे दिलेला शब्द. तो मोडलेला माणूस आमच्या डोंगरात मी ऐकला नव्हता, देदांनी ऐकला नव्हता, त्यांच्या बापाने ऐकला नव्हता. दुसऱ्या कुठल्याही मुलखातला माणूस त्या चकचकीत बुटांकडे बघून हसला असता. आम्ही भाकरीवरच्या हाताकडे बघितलं. आम्हाला तेवढंच बघायला शिकवलं होतं.

दोम लोरो मात्र खरंच हसला. "देदा," म्हणाला, "शब्द चांगला आहे, माणूस बघ." मग माझ्या मांडीवरच्या पोराकडे बघितलं आणि उठून कोट घातला. तो शब्दावर विश्वासून गेला नाही. आमचं घर उठू नये म्हणून गेला. विश्वास ठेवला तो देदांनी, आणि हेच त्यांना शेवटपर्यंत खात राहिलं.

पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायचं, तोवर तो आपल्या हवाली. देदा दोम लोरोबरोबर गावाच्या वेशीवरच्या पुलापर्यंत चालत गेले. पुलापलीकडे अक्रोडांमागे ट्रक उभा होता. शिपाई पूल ओलांडून अलीकडे आले, आमच्या बाजूला आले, आणि देदांच्या शेजारून त्यांनी दोम लोरोला ओढला. हात मागे पिळून तारेने बांधले. देदा मध्ये पडले तर बंदुकीच्या दस्त्याने त्यांचे पुढचे दात पाडले. बार्दोक टोपी नीट करत होता. ट्रकमध्ये चढवताना दोम लोरो देदांना ओरडून म्हणाला, "लेनाचं नाव तोंडातून काढायचं नाही. शपथ आहे तुला."

देदांनी ती शपथ मरेपर्यंत पाळली. मी कसलीच शपथ घेतली नव्हती. म्हणून सांगते आहे.

खटला आमच्याच चर्चमध्ये चालवला. सगळ्या गावाला आणून बसवलं. जिथे वेदी होती तिथे न्यायाधीश बसला आणि त्याने सिगारेट पेटवली.

"ती विझवा," दोम लोरो म्हणाला. "मीही ओढतो, पण बाहेर."

जनतेविरुद्ध कट केल्याचं कबूल आहे का, असं विचारल्यावर त्याने वळून आमच्याकडे बघितलं. "ही जनता? यातल्या अर्ध्यांचे मी कान पिळलेत. तेवढं कबूल." मागे कुणी तरी हसलं आणि लगेच खोकलं.

बार्दोक पहिल्या रांगेत बसला होता. त्याच्या मानेवरून घाम वाहत होता. सगळ्या आरोपांमध्ये त्याच्या आईचा पत्ता नव्हता, तो त्याने बरोबर गाळून घेतला होता. दोम लोरोने एक वाक्य बोलायचा अवकाश, याच्या आईने मला बोलावलं होतं, की बार्दोकही त्याच बाकावर जाऊन बसला असता. दोम लोरोने त्याच्याकडे बराच वेळ बघितलं. आणि काही बोलला नाही. मरणाऱ्या बाईचं गुपित पाद्र्याने पोटात ठेवायचं असतं म्हणे. मला विचाराल तर बोलायला हवं होतं. साधुत्व वगैरे सगळं ठीक आहे, पण असल्या माणसासाठी?

शिक्षा ऐकवली तेव्हा टाळ्या वाजवायला सांगितलं. गावाने वाजवल्या. मी वाजवल्या, कारण कडेवरच्या पोराचं पुढे कसं होईल हा विचार माझ्या डोक्यात होता. फक्त देदांचे हात मांडीवर राहिले. बाकी ब्रेगमीर आज मला काय तोंड दाखवतं? दोम लोरोला श्कोदरला नेताहेत असं सांगितलं. ट्रक गेला. त्या दुपारी वरच्या खाणीत सुरुंगांचे आवाज झाले, ते रोजच व्हायचे.

दुसऱ्या दिवशी देदा शेजारच्या घरी गेले. घरधन्याने कॉफी दिली तेव्हा म्हणाले, "खालून दे."

"देदा, कशाला उगीच? सरकारपुढे कुणाचं चालतं?"

"सरकारचं सरकार बघेल. पाहुणा माझा होता."

त्याने दिली. मग गावात प्रत्येक घरात तसंच. ही प्रथा मागासलेली म्हणून तिच्यावरही बंदी होती. शेतीच्या मुकादमाने देदांना सगळ्यांसमोर झापलं आणि वर्षभर खताच्या गाड्या भरायला लावलं. देदा गाड्या भरत राहिले आणि कॉफी तशीच पीत राहिले. दोम लोरोचं नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती, पण देदांना कप देताना प्रत्येक घरातला पुरुष न बोलता पाय उचलायचा, आणि पोरंबाळं विचारायची, यांना असं का देतात? मग दार लावून त्यांना सांगावं लागायचं. हे मला नंतर उमगलं. उमगलं म्हणून राग काही कमी झाला नाही. सकाळी गुडघा मलाच उचलावा लागायचा.

मी कधी कधी भांडायचे. "बाबा, दोम लोरो असते तर कप हिसकावून फेकून दिला असता."

"असता तर मी प्यायलोच नसतो," ते म्हणायचे.

शेवटी ते सरकार पडलं. पुतळे पडले, सहकारी शेतीची गुरं लोकांनी रातोरात वाटून घेतली, तोम कामासाठी इटलीला जाऊन आला आणि घरात खरी कॉफी आली. आणि त्याबरोबर जुनी वैरंही परत आली. सरकार नाही म्हटल्यावर लोकांनी पुरलेल्या बंदुका उकरून काढल्या. खालच्या खोऱ्यात दोन मुडदे पडले.

तेव्हा बार्दोक आला. बूट तेच असतील, चकाकी गेली होती. दारात उभा राहून म्हणाला, "घरधनी, पाहुणा चालेल का?"

मी चुलीतलं जळकं लाकूड हातात घेतलं होतं. देदा आता वाळून काटकी झाले होते, उठायला त्यांना भिंत धरावी लागे. ते उठले, भिंत सोडून उभे राहिले आणि म्हणाले, "ये."

बार्दोक बसला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. मग मूळ गोष्टीवर आला. "देदाकाका, वेळच तशी होती. वरून हुकूम यायचे. आता माझा मुलगा या रस्त्याने दुकानाचा माल नेतो. तोम त्याच्याकडे बघतो. मुलगा घाबरतो. तुम्ही एकदा सगळ्यांसमोर म्हणा, रक्त माफ केलं."

"तोम कुणाकडेही बघतो," मी म्हणाले. "डोळे आहेत त्याला."

"बायकांनी मध्ये बोलू नये," बार्दोक म्हणाला.

"कॉफी आण, पोरी," देदा म्हणाले. "दोन्ही कप मेजावर ठेव."

मी ठेवले. देदांनी आपला कप बार्दोकपुढे सरकवला. "वीस वर्षांपेक्षा जास्त झाली, मला प्रत्येक जण कॉफी देतो. तूच कधी दिली नाहीस. आज तू दे."

बार्दोक आमच्याच मातीतला. त्याला लगेच कळलं. गुडघ्याखालून द्यावी तर, तुझ्या पाहुण्याला दगा झाला आणि तो मी केला, हे स्वतःच्या हाताने कबूल. वरून द्यावी तर, तुझ्या पाहुण्याची भरपाई झाली असं म्हणणं. मग ती भरपाई कुठे आहे ते दाखव. त्याने कप उचलला. हात वरही जाईना, खालीही जाईना. कॉफी त्याच्या मनगटावर सांडली.

देदा वाट बघत होते. घाईत नव्हते. इतकी वर्षं थांबलेल्या माणसाला कसली घाई?

"भट्टीमागे," बार्दोक म्हणाला. "जुन्या खड्ड्यात. चुना टाकला होता वरून."

श्कोदर नाही, दूर कुठे नाही. भट्टीमागे. तिथल्या उतारावरून मी वर्षानुवर्षं सरपण आणलं होतं. देदांच्या शेळ्या तिथे चरत होत्या. आम्ही त्याच्या छातीवरून चालत होतो आणि हा माणूस दरवर्षी गावात येऊन आमची खुशाली विचारत होता.

पाश्क आणि तोमने खणलं. बार्दोकला कडेला उभं केलं होतं. नडगीचं वेडंवाकडं जुळलेलं हाड आधी दिसलं. मनगटांभोवती तार तशीच होती, गंजलेली, पिळा न सुटलेली. देदा खड्ड्यात उतरले. दोघांनी धरून उतरवलं. त्यांनी स्वतःच्या बोटांनी ती तार सोडवली. बोटं रक्ताळली तरी पक्कड घेतली नाही.

एव्हाना छप्पर कोसळलेल्या चर्चमध्ये, जिथे सिनेमाचा पडदा होता तिथे, आम्ही त्याला पुरलं. मग पुरुष आमच्या घरी येऊन गोल बसले. सगळ्यांसमोर देदा म्हणाले, "रक्त माफ. माझ्या मनाने नाही. दोम लोरोने केलं असतं म्हणून." बार्दोकच्या तोंडावर रंग परत आला. मला कुणी विचारलं नाही. बायकांकडे रक्ताचा हिशेब नसतो आमच्यात, म्हणून बायकांकडे माफीही नसते. माझा राग माझ्यापाशी राहिला आणि तो मी कुणाला देणार नाही.

मयताची कॉफी कडू असते, पोरालाही माहीत आहे. बाहेरून आलेल्याला आधी द्यायची म्हणून मी पहिला कप बार्दोकला दिला. वरून दिला. घराची रीत मी मोडली नाही. त्याने घोट घेतला आणि म्हणाला, "थोडी साखर असेल का?"

"या घरातली संपली," मी म्हणाले. बैठकीत कुणी मान वर केली नाही.

मग मी देदांपाशी आले. दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभी राहिले, कप उजव्या हातात धरला आणि त्यांच्या छातीसमोर नेला. सगळे बघत होते. देदांनी हात पुढे केला. तो खाली गेला, माझ्या गुडघ्यापाशी, आणि तिथे थांबून राहिला. त्यांना कळतच नव्हतं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, ओठ हलत होते, आणि हात तिथे खाली चाचपडत होता.

मी वाकून त्यांचा हात धरला, वर आणला आणि त्यात कप दिला. "बाबा, वरून," म्हणाले. "दोमनी सांगितलंय."

त्यांनी कप धरला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा कॉफीवर फुंकर मारली.